हृदयविकार आणि घरची बाई
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाचे भाषण म्हटले की ते सणावारांवर, संस्कारांवर किंवा फार तर बागकामावर असावे अशी आपली अपेक्षा असते. यंदा कार्यकारिणीने मला हृदयविकारावर बोलायला सांगितले, तेव्हा एक-दोघींनी हळूच विचारलेही, "अहो, आनंदाच्या दिवशी हे छातीचे दुखणे कशाला?" त्यांची शंका रास्त आहे. पण ज्या घरात हा आजार न सांगता शिरतो, तिथे पुढले कितीतरी आनंदाचे दिवस तो घेऊन जातो. म्हणून आजची तीस-चाळीस मिनिटे मला द्या. मी डॉक्टर नव्हे. पुण्याच्या एका इस्पितळात मी पुष्कळ वर्षे परिचारिका होते आणि त्यातली बरीचशी हृदयरोग्यांच्या कक्षात गेली. निवृत्त होऊन लोणावळ्याला आले. तेव्हा मी सांगणार आहे ते कक्षातल्या खाटांच्या मधून फिरताना पाहिलेले आणि वाचून पडताळलेले आहे, इतकेच समजा.

त्या कक्षात मावळातली माणसे नेहमी असत. वडगावची, कामशेतची, पवन मावळातली, नाणे मावळातली. त्यांत एक गोष्ट मला फार लवकर दिसून आली. पुरुषाला आणीत तेव्हा त्याला आणणारी बहुधा त्याची बायको असे. तो "काही नाही, काही नाही" म्हणत असतानाही तिने त्याला गाडीत घातलेले असे. बाईला आणीत तेव्हा मात्र ती स्वतःच "काही नाही" म्हणालेली असे आणि तिचे ते म्हणणे सगळ्यांनी खरे मानलेले असे. पुरुष दुखू लागल्यावर येई, बाई पडल्यावर येई. आजच्या माझ्या बोलण्याचे सारे सार या एका फरकात आहे.

आता आजार म्हणजे काय ते आधी समजून घेऊ. आपले हृदय दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा धडधडते आणि दर मिनिटाला जवळजवळ पाच लिटर रक्त शरीरभर ढकलते. पण जो सगळ्यांना पोसतो त्यालाही जेवायला लागतेच! हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवण्यासाठी त्याच्या पृष्ठभागावरून वेगळ्या रोहिण्या जातात. त्यांना कॉरोनरी रोहिण्या म्हणतात. एक उजवी, एक डावी, आणि डावीच्या पुढे दोन मोठ्या शाखा. जाडीला त्या तीन-चार मिलिमीटर, म्हणजे आपल्या चहाच्या गाळणीच्या दांडीएवढ्या. भाताच्या खाचरांना पाटाने पाणी जाते तसे हे आहे. पाट स्वच्छ असला तर शेवटच्या खाचरापर्यंत पाणी पोचते. पाटात गाळ साचत गेला तर शेवटचे खाचर आधी सुकते.

रोहिणीच्या आतल्या अस्तरात वर्षानुवर्षे चरबी आणि इतर द्रव्ये साचतात, तिथे सूज येते, थर बनतो. याची सुरुवात तरुणपणीच होते आणि तेव्हा काहीही दुखत नाही. मार्ग पुरेसा अरुंद झाला की चढण चढताना, ओझे उचलताना, रागाच्या भरात हृदयाला जास्त रक्त हवे असते आणि ते मिळत नाही. मग छातीत आवळल्यासारखे होते, जड वाटते. पाच-दहा मिनिटे थांबले की बरे वाटते. याला अंजायना म्हणतात. एकवीरेच्या पायऱ्या चढताना गेल्या वर्षी न थांबता वर गेलेली बाई यंदा अर्ध्यावर दोनदा बसली, आणि बसल्यावर छाती मोकळी झाली, तर "वय झालं" म्हणून सोडून देऊ नये. आईच्या दर्शनाला जरूर जावे. पण आधी डॉक्टरांचे दर्शन घ्यावे.

पाटाची उपमा मात्र एका ठिकाणी अपुरी पडते. पाटातला गाळ हळूहळूच वाढतो; रोहिणीतला थर एखाद्या क्षणी अचानक फाटतो. फाटला की शरीराला वाटते इथे जखम झाली, आणि जखमेवर जशी खपली धरते तशी तिथे रक्ताची गुठळी धरते. ती गुठळी मार्ग पुरा बंद करते. यालाच हृदयविकाराचा झटका म्हणतात. आणि गंमत म्हणा की दुर्दैव म्हणा, फाटणारा थर नेहमी मोठाच असतो असे नाही. काल चालताना काहीही त्रास नसलेल्या माणसाला आज झटका येतो तो यामुळे. मार्ग बंद झाला की त्यापुढचा स्नायू मरू लागतो, आणि मेलेला हृदयाचा स्नायू पुन्हा उगवत नाही. म्हणून या आजारात मिनिटांचा हिशेब असतो.

झटक्याची खूण कोणती? छातीच्या मधोमध दडपण, कळ, जळजळ, डाव्या हाताकडे, मानेकडे, जबड्याकडे, पाठीकडे जाणारे दुखणे, दरदरून घाम. हे आपण सिनेमात पाहिले आहे. बायकांनाही बहुधा छातीतच त्रास होतो. पण पुष्कळदा त्याबरोबर किंवा त्याऐवजी धाप लागणे, मळमळ, उलटी, पाठीत किंवा जबड्यात दुखणे, आणि अंगातले बळ गेल्यासारखा विलक्षण थकवा अशी लक्षणे असतात. आणि यांतले प्रत्येक लक्षण आपल्या घरात आधीच दुसऱ्या नावाने ओळखीचे आहे! मळमळ म्हणजे पित्त, पाठ म्हणजे कालचे धुणे, थकवा म्हणजे लग्नघर, धाप म्हणजे वजन. मधुमेह असलेल्या बाईला तर कधी कधी दुखतच नाही, नुसते गळून गेल्यासारखे होते.

पवन मावळातल्या एक बाई मला आठवतात. नाव सांगत नाही. पन्नाशीच्या, काटक, भाताच्या आवणीत सबंध दिवस वाकून काम करणाऱ्या. ऐन आवणीत दुपारी त्यांच्या पोटाच्या वर आणि पाठीत कळ सुरू झाली, घाम फुटला. ओवा झाला, सोडा झाला, पाठीला तेल चोळून झाले. संध्याकाळी त्यांनी तशातच चूल पेटवून दहा गड्यांचा स्वयंपाक केला. रात्री धाप लागून बसता येईना तेव्हा जीप शोधली. आमच्याकडे पोचल्या तेव्हा चौदा तास उलटून गेले होते. त्या वाचल्या. पण हृदयाचा मोठा भाग कायमचा निकामी झाला आणि पुढे चिखलात उभे राहणे त्यांना कधी जमले नाही. त्यांच्या सूनबाई मला म्हणाल्या, "बाई, सासूबाई दुखतंय म्हणाल्याच नाहीत." त्या म्हणाल्या नाहीत, कारण त्या दिवशी दुखणे परवडणारे नव्हते. गडी शेतात होते, रोप उपटून ठेवलेले होते. आपल्यापैकी प्रत्येकीच्या आयुष्यात असा आवणीचा दिवस असतोच; कुणाचा परीक्षेचा, कुणाचा बारशाचा. म्हणून कोणत्या दिवशी काय करायचे ते आधी ठरवून ठेवावे लागते.

तर काय करायचे? वर सांगितलेला त्रास पंधरा मिनिटांत थांबला नाही, किंवा त्याबरोबर घाम नि धाप असली, तर १०८ ला फोन करा. महाराष्ट्रात ही रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून आहे आणि तिला पैसे पडत नाहीत. रोग्याला चालवू नका, जिना चढवू-उतरवू नका, त्याला स्वतः गाडी चालवू देऊ नका. टेकून बसवा. अ‍ॅस्पिरिनचे वावडे नसेल, रक्तस्रावाचा आजार नसेल, तर फोनवरच्या डॉक्टरांना विचारून साधारण ३०० मिलिग्रॅमची साधी गोळी चावून खायला द्या. या चार आण्याच्या गोळीचे मोल लहान समजू नका. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या, सतरा हजारांवर रोग्यांच्या एका मोठ्या अभ्यासात झटक्यानंतर महिनाभर दिलेल्या अ‍ॅस्पिरिनने मृत्यू जवळजवळ पाव हिश्श्याने कमी झाले. जिभेखाली ठेवायची गोळी मात्र शेजाऱ्याची म्हणून कुणाला देऊ नका. रक्तदाब उतरलेला असेल तर ती घात करते.

आपल्या भागाची अडचण मी जाणते. लोणावळ्याहून पुणे सुमारे ६५ किलोमीटर. रोहिणी उघडण्याची सोय असलेले इस्पितळ गाठायचे म्हणजे बहुतेक वेळा तळेगाव, पिंपरी-चिंचवड किंवा पुण्याच्या दिशेने निघणे आले. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी भुशी धरणाच्या बाजूला पर्यटकांच्या गाड्यांच्या रांगा लागल्या की गावातल्या गावात अर्धा तास जातो. म्हणून पहिले पाऊल जवळच्या दवाखान्याचे असावे, जिथे ई.सी.जी. निघतो आणि गुठळी विरघळवणारे इंजेक्शन मिळू शकते. मोठ्या इस्पितळात दोन तासांच्या आत रोहिणी उघडली जाणार नसेल तर हे इंजेक्शन आधी द्यावे असाच वैद्यकीय नियम आहे. कोणत्या दवाखान्यात रात्री ई.सी.जी. निघतो याची चौकशी आज करा, त्या रात्री नव्हे. आणि एक ई.सी.जी. चांगला आला म्हणून उठून घरी येऊ नका. काही झटके पहिल्या ई.सी.जी.त दिसत नाहीत. थोड्या वेळाने तो पुन्हा काढावा लागतो, रक्तातले ट्रोपोनिन तपासावे लागते.

या ई.सी.जी.चीही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. हॉलंडच्या आइन्थोव्हेन यांनी हृदयातली वीज कागदावर उमटवणारे हे यंत्र सिद्ध केले आणि त्यासाठी त्यांना १९२४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच १९२४ साली आपल्या लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम स्थापन केले आणि योगाची तपासणी क्ष-किरणांनी आणि मोजमापांनी करायची असा पायंडा घातला. 'योगमीमांसा' हे त्यांचे नियतकालिकही त्याच वर्षीचे. पुढे या दोन गोष्टी एकमेकींना भेटल्या. काही योगी हृदय थांबवून दाखवतात अशी ख्याती होती. वेंगर आणि बागची हे अमेरिकेतून आलेले संशोधक आणि दिल्लीचे डॉ. आनंद यांनी अशा योग्यांना ई.सी.जी. लावून पाहिले आणि १९६१ साली निष्कर्ष छापला. श्वास रोखून छातीतला दाब वाढवल्याने नाडी आणि ठोके ऐकू येईनासे होत, पण यंत्रावर हृदय चाललेलेच दिसे. मला ही हकीकत आवडते ती अशासाठी की योगाचा मान राखूनही खरे काय ते तपासता येते.

मग योगाने हृदयविकार बरा होतो का? हा प्रश्न मला इथे दर आठवड्याला कोणीतरी विचारते. भारतातल्या २४ केंद्रांत, झटका येऊन गेलेल्या ३,९५९ रोग्यांवर एक अभ्यास झाला. तो २०२० साली प्रसिद्ध झाला. नेहमीच्या औषधांच्या जोडीला एका गटाला योग शिकवला. योग करणाऱ्यांना आपली तब्येत अधिक चांगली वाटली, ते आपल्या पूर्वीच्या कामांकडे अधिक चांगल्या प्रकारे परतले. पुन्हा झटका येणे किंवा मृत्यू यांत मात्र ठळक फरक सिद्ध झाला नाही. तेव्हा योग करा, मन लावून करा, डॉक्टरांना विचारून करा. पण गोळीच्या जागी आसन ठेवू नका.

इस्पितळात पुढे काय करतात? मनगटातून किंवा जांघेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेऊन, औषध सोडून रोहिण्यांचा फोटो घेतात. ती अँजिओग्राफी. अडथळ्याच्या जागी फुगा फुगवून मार्ग मोकळा करतात. ती अँजिओप्लास्टी. ही पहिल्यांदा झुरिकला ग्रुंटझिग यांनी १९७७ साली केली. आता बहुधा तिथे तारेच्या जाळीची नळी, म्हणजे स्टेंट, बसवतात. अडथळे जास्त आणि अवघड जागी असले तर पायातली किंवा छातीतली रक्तवाहिनी जोडून वळसा काढतात. ती बायपास. भारतात ती १९७५ साली मद्रासच्या रेल्वे इस्पितळात डॉ. चेरियन यांनी प्रथम केली. खर्चाचे म्हणाल तर सरकारने २०१७ साली स्टेंटच्या किमतींवर मर्यादा घातली, आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत या शस्त्रक्रियांचा समावेश आहे. योजनेतल्या इस्पितळात 'आरोग्यमित्र' बसतो. शिधापत्रिका आणि आधार कार्ड घेऊन त्याला आधी भेटा. दागिना मोडण्याआधी भेटा, हे मुद्दाम सांगते.

आणि आता ज्या गोष्टीवर सगळ्यांत जास्त माणसे फसतात ती. स्टेंट बसला म्हणजे आजार गेला असे नाही. एका जागेची दुरुस्ती झाली. बाकीच्या रोहिण्या त्याच आहेत. रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या सहसा वर्षभर, त्यांतली एक बहुतेकांना कायमची, आणि कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळीही कायमची घ्यावी लागते. बरे वाटते म्हणून, उपास आहे म्हणून, किंवा दात काढायचा आहे म्हणून आपल्या मनाने गोळ्या बंद केल्या तर स्टेंटमध्येच गुठळी धरते. नवऱ्याच्या गोळ्या डबीत वारांप्रमाणे लावून देणाऱ्या बायका मी शेकड्यांनी पाहिल्या. स्वतःच्या गोळ्या मात्र महिनाअखेरीला "पगार झाल्यावर आणू" म्हणून थांबवणाऱ्याही त्याच. भगिनींनो, डबी एक असेल तर ती दोघांची असू द्या.

हा आजार होतो कुणाला? २००४ साली ५२ देशांतल्या अभ्यासातून असे दिसले की पहिल्या झटक्यामागे बहुतांशी मोजक्या नऊ गोष्टी असतात. त्यांत तंबाखू, रक्तातली चरबी, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मनावरचा ताण, भाज्या-फळांची कमतरता आणि हालचालीचा अभाव या मुख्य. दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका इतरांपेक्षा सुमारे सहा वर्षे आधी येतो, हेही त्यातून दिसले. आणि यातून कुणी सुटत नाही. हजारो हृदये दुरुस्त करणारे डॉ. नितू मांडके २००३ साली वयाच्या ५५ व्या वर्षी हृदयविकाराच्या झटक्यानेच गेले.

"मी तर बारीक आहे," असे म्हणून इथे कोणी निर्धास्त होऊ नये. पुण्याच्या के.ई.एम. इस्पितळातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. युडकिन या दोघांची उंचीच्या मानाने वजनाची पट्टी अगदी सारखी होती, २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! हे त्यांनी २००४ साली दोघांच्या छायाचित्रासह छापले. आपण दिसायला बारीक आणि आतून चरबीचे, असा त्याचा अर्थ. याज्ञिकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायांचा अभ्यास केला. तिथली बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची, पण आपल्या बाळांत उणे होते ते स्नायू, चरबी नव्हे. ज्या आयांच्या जेवणात पालेभाजी, फळे, दूध होते त्यांची बाळे अधिक भरलेली होती. म्हणजे हृदयविकाराची एक मुळी आईच्या ताटात आहे. घरातल्या मुलीला भाजी-दूध शेवटी आणि उरलेले वाढले जाते, तेव्हा तिच्या पुढच्या पिढीच्या हृदयाचाही वाटा कमी होतो, हे सासवांनी ध्यानात घ्यावे. आणखी एक: गरोदरपणी ज्यांचा रक्तदाब किंवा साखर वाढली होती त्यांना पुढे हृदयविकाराचा धोका जास्त असतो. त्या बायांनी बाळंतपण आटोपले तरी दरवर्षी तपासणी सोडू नये. पाळी गेल्यावर तर सगळ्यांनीच.

आता स्वयंपाकघरात येऊ. तिथे आपले राज्य आहे. मीठ माणशी दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे एक लहान चमचा; त्यात लोणचे, पापड, चटणी सगळे आले. तळणीचे तेल पुन्हा पुन्हा तापवू नये. इंद्रायणी भात आपल्या वडगावच्या संशोधन केंद्राची देणगी. तो सोडा असे मी मावळात सांगितले तर मला कोणी परत बोलावणार नाही! भात जरूर खा. पण वाटी मोजा, आणि ताटात आमटी, उसळ, पालेभाजी यांची जागा भाताएवढीच असू द्या. चिक्की पाहुण्यांच्या गावाला पाठवा, आपण तुकडा खा. रोज अर्धा तास भरभर चाला. घरकामाने पाय दुखतात, पण दम लागेल असे चालणे त्यात क्वचितच होते.

आणि मिशरी. हे बोलले की माना खाली जातात म्हणूनच बोलते. मिशरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. दातांना लावली तरी ती रक्तात जाते, नाडी आणि रक्तदाब वाढवते. "मी कुठं तंबाखू खाते?" असे म्हणणाऱ्या कितीतरी बायांच्या कनवटीला मी डबी पाहिली आहे. ती सुटते, एकटीने सोडणे अवघड, चौघींनी मिळून सोडणे सोपे. मंडळ याच कामासाठी असते ना?

शेवटी एक सूचना मांडते आणि बसते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण दरसाल वाण लुटतो. प्लास्टिकच्या डब्या आता कुणाच्याच फडताळात मावत नाहीत. या वर्षी मंडळाने रक्तदाब मोजण्याचे यंत्र घ्यावे, आणि येणाऱ्या प्रत्येक सुवासिनीचा आणि प्रत्येक विधवा भगिनीचाही रक्तदाब मोजून तो आकडा एका कार्डावर लिहून द्यावा. हेच वाण. वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० याच्या पुढे दोनदा आला तर तिला डॉक्टरांकडे नेण्याची जबाबदारी शेजारणीने घ्यावी. कार्डाच्या मागे १०८, रात्री ई.सी.जी. निघणाऱ्या दवाखान्याचा क्रमांक आणि तिच्या चालू गोळ्यांची नावे असावीत. चाळिशीच्या पुढच्या सर्वजणींनी साखर आणि कोलेस्टेरॉल यांची तपासणीही करून घ्यावी. यंत्र कसे वापरायचे ते मी दर गुरुवारी दुपारी चार वाजता मंडळाच्या खोलीत शिकवीन. ज्यांना शिकायचे असेल त्यांनी चिटणीसबाईंकडे आजच नावे द्यावीत.